ओल्या हाताचा हलवा

माझे तळहात घामेजतात. उन्हाळ्यात सगळ्यांचेच घामेजतात, माझे पौषातही घामेजतात. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पौषातल्या सकाळी पाटाच्या पाण्यात पाय घातला की घोट्यापर्यंत बधिर व्हायचा, तेव्हाही माझ्या मुठी ओल्याच असायच्या. शाळेत वहीच्या पानावर बोटांचे डाग पडायचे आणि बाईंनी विचारलं की मी पाणी सांडलं म्हणून सांगायची. पण हा नुसता घाम नाही, दोष आहे, हे मला कळलं ते सातव्या वर्षी, आईच्या परातीपुढे.

आई संक्रांतीचा हलवा घरी करायची. आता बहुतेक घरांत हलवा म्हणजे दुकानातून आणलेलं पाकीट, म्हणून थोडं सांगते. पितळी परातीत खसखस, तीळ नाहीतर साबुदाणा घ्यायचा आणि परात मंद कोळशावर ठेवायची. त्यावर चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे हलके हलके फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं रोज दोन तास, चार-पाच दिवस. तिसऱ्या दिवशी कुठे दाण्याला काटा फुटायला लागतो. हवा थंड आणि कोरडी हवी, आच कमी हवी आणि हात सुका हवा. ओला हात लागला तर काटा विरघळतो, दाणे एकमेकांना धरून बसतात. "पी हळद अन् हो गोरी, असलं काम नाय ह्ये," आई म्हणायची.

त्या वर्षी मी हट्टाने परातीपुढे बसले. आईने सरकून जागा दिली, माझा हात तिच्या हाताखाली घेऊन फिरवायला शिकवला आणि मग सोडला. दहा मिनिटांत माझ्या बाजूचे दाणे चिकटून त्यांचे गठ्ठे झाले. आईने माझा तळवा उलटा करून पाहिला, पदराने पुसला, पुन्हा पाहिला.

"हिचा हात वला हाय," ती म्हणाली. मला नाही, शेजारी बसलेल्या काकूला. मग मला म्हणाली, "ऊठ बाई तू."

माझ्या जागी माझी चुलत बहीण बसली. तिचा हात खडूसारखा कोरडा होता. मला पुठ्ठा, कात्री, सुई-दोरा मिळाला. हलवा तयार झाला की त्याचे दागिने करायचे असत, त्यासाठी मुकुटाचे, बाजूबंदाचे, कमरपट्ट्याचे आकार कापून द्यायचे काम माझं. ते मला चांगलं जमायचं. आई कौतुकही करायची. पण मला परात हवी होती. आज पन्नाशी गाठल्यावरही ते 'ऊठ बाई तू' आठवलं की राग येतो. आईचा येतो की हाताचा, ते ठरत नाही.

आमचा मळा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. आईचा दिवस उजाडायच्या आत तोडणीने सुरू व्हायचा. वडील पाट्या घेऊन बाजारात गेले की निंदणी, गुरं, स्वयंपाक, पुन्हा दुसऱ्या दिवसाची तयारी. तिला नुसती बसलेली मी फारशी पाहिली नाही. पण संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस दुपारी दोन ते चार ती परातीवर असायची, आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही असा आमच्या घरचा कायदा होता. तो कुणी केला, कधी केला, माहीत नाही. वडील दोरी शोधत आले तरी दारातूनच माघारी फिरायचे. "आई परातीवर हाय," एवढं आम्ही मुलांनी सांगितलं की विषय संपायचा. एकदा फुलांचा व्यापारी भर दुपारी आला, तर वडिलांनी स्वतः चुलीपुढे बसून त्याला चहा करून दिला. त्याने त्यातला अर्धा हळूच शेवंतीच्या वाफ्यात ओतलेला मी पाहिला.

एवढ्या कामातून तिने ते दोन तास कसे वेगळे काढले असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मुलं करत नाहीत. आपली आई आहे म्हणजे तिला वेळ असणारच, असं त्यांना वाटतं.

भावकीत नवी सून आली की पहिल्या संक्रांतीला तिला काळी साडी नेसवून वर हलव्याचे पांढरे दागिने घालतात. कुणाकडे तान्हं मूल असलं की त्याच्या बोरन्हाणाला छोटा मुकुट, हार, वाळे, बासरी. आमच्या वाडीत हे सगळे दागिने आई करायची. साखर ज्याची त्याची, हात आईचा. मग हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, काय काटा आलाय! आई मान खाली घालून वाण पदरात घ्यायची, पण घरी येईपर्यंत तिचा चेहरा वेगळा असायचा. फुलं चांगली आली तर लोक मळ्याचं नाव घेत, वडिलांचं घेत. हलव्याला तिचं घेत.

हे सगळं सांगायचं कारण, त्या तिच्या हाताशी मी एक लबाडी केली. त्या लबाडीने काय केलं हे मला चोवीस वर्षांनी कळलं, या जानेवारीत.

लग्नानंतर मी शहरात आले. आता मखमलाबादही शहरच आहे, तेव्हा नव्हतं. आम्ही दोघं नोकरीला, मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगी अकरा महिन्यांची असताना संक्रांत आली, तिचं बोरन्हाण ठरलं, आणि चार दिवस आधी आई सिटी बसने मांडीवर स्टीलचा डबा धरून आली. पूर्ण प्रवासात तिने तो खाली ठेवला नव्हता.

डब्यात कापसावर मांडलेला संच होता. मुकुट, हार, बाजूबंद, वाळे, कमरपट्टा. आणि बासरी. चार बोटं लांब, ज्वारीच्या चिपाडावर खसखशीचा बारीक हलवा एकेक दाणा करून चिकटवलेला, टोकाला लाल लोकरीचा गोंडा. भोकं मोजून सहा. काटा असा की बोट लावायला भीती वाटावी. मी आईला जवळ घेतलं नाही, तसं आमच्यात नव्हतं, पण मी चहात आलं जास्त घातलं. जाताना तिने एकच सांगितलं, "मुंग्या लागू देऊ नको बाई."

आमच्या घरात मुंग्या होत्याच. आणि फ्रीज नवा होता. नव्या फ्रीजच्या घरात जे जे जपायचं ते फ्रीजमध्ये जातं. आमच्या फ्रीजमध्ये तेव्हा नवऱ्याच्या कॅमेऱ्याचा रोल होता, माझी नेलपॉलिश होती, सासूबाईंनी दिलेलं केशर होतं. मी आईचा डबा खालच्या कप्प्यात, भाजीच्या वर ठेवला. वर झाकण नीट बसत नव्हतं म्हणून रुमाल बांधला.

बोरन्हाणाच्या दिवशी सकाळी डबा काढला. कापूस ओला होता. पुठ्ठा फुगला होता. काटा कुठेच नव्हता, पांढऱ्याचा पिवळट चिकटा झाला होता आणि मुकुट उचलला तर निम्मा माझ्या बोटांना लागून आला. मी पंख्याखाली धरलं. शेजारणीकडून केस वाळवायचं यंत्र आणून वारा दिला, तर बासरीवरचा सगळा हलवा सालपटासारखा निघून हातात आला. एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोन लावला असता. आमच्या वाडीत किराणा दुकानात फोन होता, निरोप गेला असता. मी काय केलं? डबा मोरीत नेला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. पाच दिवसांचं काम पाच मिनिटांत वाहून गेलं. खाली पुठ्ठा आणि लोकरीचा गोंडा उरला, तो मी कचऱ्यात टाकला. डबा साबणाने घासला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून रविवार कारंजावरच्या एका दुकानातून तयार संच आणला. त्यातही मुकुट होता, हार होता, प्लास्टिकच्या नळीवरची बासरीसुद्धा होती. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी आई बोरं आणि उसाचे करवे घेऊन आली. मुलगी पाटावर बसली होती, काळं झबलं, वर पांढरे दागिने. चोराच्या मनात चांदणं, तशी मी सारखी आईच्या तोंडाकडे बघत होते. शेजारच्या वहिनी मोठ्यांदा आईला म्हणाल्या, "काकू, काय काटा आलाय हो! तुमच्या हाताचं ऐकलं होतं, आज पाहिलं."

आईने नातीकडे पाहिलं. वाकून मुकुट थोडा सरळ केला. तिचं बोट मुकुटावर क्षणभर थांबलं.

"थंडी बरी पडली यंदा," ती म्हणाली.

आदल्या वर्षापासून ती डोळ्यांची तक्रार करत होती, तर तिला ओळखू आलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. निघताना तिने डबा मागितला. मी दिला. तिने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

पुढच्या संक्रांतीला काकूच्या सुनेसाठी दागिने करायचे होते. आईने नाही म्हणून सांगितलं. डोळ्यांना दिसत नाही. परात पोटमाळ्यावर गेली. बावन्न वर्षांची ही बाई शेवंतीच्या शेंड्यावरचा मावा बांधावरून ओळखत होती, पण मी म्हटलं, असेल. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. हलव्याचा विषयच नको होता मला.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते काय सांगावं. नोकरी, बस, कुकर. मुलीला शाळेतून हस्तकला मिळायची. कागदाची फुलं करा, आकाशकंदील करा, मातीचा बैल करा. "आई, आपण करू?" ती विचारायची. मी म्हणायची, रविवारी बघू. रविवारी दळण असायचं, पाणी भरायचं असायचं, इस्त्री असायची. शनिवारी शाळेच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात सगळं तयार मिळायचं, बैलसुद्धा. एकदा तिने दुकानातला बैल हातात घेऊन उलटा केला आणि पोटावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, बाईंना दिसू नये म्हणून. ती सात वर्षांची होती. मी पाहिलं आणि बैल तसाच तिच्या दप्तरात ठेवला. लेक कुणावर गेली ते मला माहीत होतं.

माझ्या दोन हातांना आकार कापता येत होते, पुठ्ठा वळवता येत होता. ते मी तिला कधी दाखवलं नाही. आमच्या घरात 'आई परातीवर आहे' असं कुणाला कधी म्हणावं लागलं नाही. आई कामावर आहे, आई दमलीय, आईला आत्ता नको. तिचं लहानपण यात संपलं. आता त्याचं वाईट वाटून काय उपयोग, असं लोक म्हणतात. वाईट वाटायला उपयोग लागतो का?

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, त्याला चार वर्षं झाली. येताना तिने दोन पिशव्या आणल्या आणि परात. ती परात पलंगाखाली असते. कशाला आणली ते मी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत. चहा आम्ही तिला अर्धाच कप देतो.

गेल्या नोव्हेंबरात मुलीचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. डिसेंबरात एका सकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "पोरीची पयली संक्रांत. दागिनं मी करीन."

"आई, हल्ली तयार मिळतात. भाड्यानेसुद्धा मिळतात."

"मिळत्यात," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

ती माझ्याकडे बघत होती. मी मेथीच्या काड्यांकडे.

मी चार दिवसांची रजा टाकली. माझा साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. त्याने विचारलं, "मॅडम, मेडिकल का?" म्हटलं, "नाही, हलवा करायचाय." त्याने प्रेमाने विचारलं, "गाजराचा?" तीस वर्षांत मी अशा कामासाठी एक रजा घेतली नव्हती आणि आता, मुलगी सासरी गेल्यावर घेत होते. वरातीमागून घोडं.

गॅसवर करायला आई तयार होईना. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ इस्त्रीवाला बसतो, त्याच्याकडून कोळसे आणले. गॅलरीत शेगडी मांडली. आईला खाली बसता येत नाही, ती खुर्चीत बसली, उंटावरून शेळ्या हाकायला. पहिला चमचा मात्र तिने स्वतः घेतला. हात हलला आणि सगळा पाक एकाच जागी पडला, खसखशीचा गोळा झाला. तिने डाव्या हाताने उजवा दाबून धरला. पुन्हा घेतला. पुन्हा तेच. मग चमचा माझ्याकडे दिला.

मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "थरथरणारा हात तर परातीला बराच की आई. आपोआप फिरेल."

"आन् पाक कोन वतंल? तुझा नवरा?"

दोघी हसलो. त्या चार दिवसांतलं ते शेवटचं हसणं म्हणायला हरकत नाही. मी हाताला तांदळाची पिठी लावत होते, दर पाच मिनिटांनी टॉवेलला पुसत होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दुपारी काटा यायला हवा होता. दाणे गोल, गुळगुळीत, थोडे चिकट. आई वाकून बघायची आणि पुन्हा खुर्चीत मागे टेकायची. तिचं ते बघणं मला सातव्या वर्षापासून माहीत आहे.

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी परात दाखवली. ती म्हणाली, "चिकट झालाय का? मग फ्रीजमध्ये ठेव ना आई, सेट होईल."

"फ्रीजात?" आई खुर्चीतून पुढे झाली. "पानी व्हईल त्याचं, येडे!"

मुलगी हसली, मीटिंग आहे म्हणाली, फोन ठेवला. मी मूग गिळून बसले असते तर काही बिघडणार नव्हतं. चोवीस वर्षं तेच केलं होतं. पण हात परातीत होते, चिकट झाले होते, आणि का कोण जाणे, तोंडातून निघालं, "झालं होतं पाणी."

"कवा?"

"हिच्या बोरन्हाणाला. तू आणलेला संच मी फ्रीजमध्ये ठेवला होता. मुंग्या लागतील म्हणून."

मग सगळं सांगितलं. ओला कापूस, मोरी, बादली, दुकान. आई ऐकत होती. कोळशावर राख चढली तरी तिने मला ती झटकायला सांगितलं नाही.

"समदंच गेलं?" तिने विचारलं.

"सगळंच."

"बासरी बी?"

"बासरी पण."

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला लाज वाटली."

"कसली?"

"माझ्या कामाची. फ्ल्याटातल्या बाया येनार, त्यांच्यात आपल्या आईचं गावठी काम कशाला, म्हनून तू दुकानातलं आनलं. डब्याला साबनाचा वास येत व्हता. मला वाटलं, तू माझं टाकून दिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या घरात? तुझ्या बायांपुढं? पोरीला खाली बघाया लावू?"

मला आठवलं, मुकुट सरळ करताना थांबलेलं तिचं बोट. बोटाला कळलं होतं. यंत्रावर केलेल्या हलव्याचा काटा तिला एका स्पर्शात कळला होता आणि तरी तिने त्या खोट्या काट्याची तारीफ स्वतःच्या नावावर घेतली होती, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात. माझ्यासाठी.

"आणि म्हणून परात माळ्यावर?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं तरी विचारलं.

"पोटच्या पोरीला नको, तर लोकांच्या सुनांला कशापायी करायचं?"

ती भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मी गॅलरीतच बसून राहिले. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, माझा. दागिने विरघळले त्यात माझा अडाणीपणा होता, तो तिने दोन शिव्या देऊन सोडून दिला असता. पुढच्या पौषात पुन्हा शेगडी पेटवली असती. चोवीस संक्रांती ती परातीवर बसली असती. माझी मुलगी तिच्याजवळ बसली असती, तिचा हात कोरडा आहे. ते सगळं मी एका बादलीत वाहवलं आणि वर साबण लावला. आणि आता तिचा हात चमचाभर पाक धरत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी थंडी वाढली होती. आई उठली, अंघोळ केली, खुर्चीत येऊन बसली. आदल्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, ना रागाचा, ना मायेचा. "पाक टाक," म्हणाली. मी टाकला. त्या दिवशी दाण्यांना कसाबसा काटा आला, बोथट, कुठे आहे कुठे नाही. तोच घेतला. पुठ्ठ्याचे आकार मात्र माझ्या हाताने न विसरता कापले. हार झाला, बिंदी झाली, दोन बांगड्या झाल्या. बाजूबंद, कमरपट्टा, नथ राहिलं. रजा संपली.

पुढचे आठ दिवस मी कामावरून आले की आई पाठ करून काहीतरी करत असायची. माझ्याकडून तिने एक संपलेलं पेन मागून घेतलं आणि गोंदाची बाटली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "बसलेय." बोटांना गोंदाची खपली, पदरावर खसखस. कानातलं करत असेल, असं मला वाटलं.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी मुलगी आणि जावई आले. दुपारी हळदीकुंकू ठेवलं होतं. मुलगी काळी साडी नेसून बसली, मी तिला हार घातला, बिंदी लावली. शेजारच्या वहिनी आता साठीच्या आहेत. त्यांनी हार निरखला आणि म्हणाल्या, "काकू, या वेळी काटा जरा कमी आलाय, नाही?"

"माझ्या हाताचा नाय तो," आई म्हणाली. "लेकीचा हाय. तिचा हात वला हाय."

आणि मग तिने कमरेला खोचलेला रुमाल काढला. डाव्या हाताने गाठ सोडता सोडता वेळ लागला. मुलगी मदतीला वाकली, तिला तिने थांबवलं. रुमालात बासरी होती. माझ्या ऑफिसच्या पेनची नळी, तिच्यावर वाकडेतिकडे चिकटवलेले दाणे, कुठे गोंद जास्त झालेला, कुठे नळी उघडी. एका टोकाला लाल लोकरीचा गोंडा.

"अगंबाई, बासरी!" वहिनी ओरडल्या, आणि बायकांत हशा पिकला. नव्या नवरीला बासरी दिली की त्याचा अर्थ काय काढायचा ते सगळ्यांना माहीत असतं. मुलगी लाजून लाल झाली. "आजी, अजून कशात काही नाही हं, सांगून ठेवते! आत्तापासून बाळाची तयारी?"

"बाळाची नाय," आई म्हणाली. "तुझीच हाय. राह्यली व्हती."

मुलीला काही कळलं नाही. तिने ती तिच्या कोरड्या तळहातावर घेतली, फुंकून पाहिली, अर्थात वाजली नाही. पुन्हा सगळ्या हसल्या. मग तिला कुंकू लावून घ्यायचं होतं, म्हणून तिने बासरी माझ्यापुढे धरली. "आई, जरा पकड ना."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आजीकडे दे," मी म्हटलं. "माझा हात ओला आहे."